हेअर ट्रान्सप्लांट: ग्राफ्टचा हिशोब डोक्याच्या मागून सुरू करा

लातूर, नांदेड, परभणीकडचा एखादा तरुण पुण्या-हैदराबादच्या क्लिनिकांना व्हॉट्सअ‍ॅपवर डोक्याचे तीन-चार फोटो पाठवतो. तासाभरात उत्तर येतं, ३,५०० ग्राफ्ट लागतील. दुसरीकडून येतं २,२००. तिसरीकडून ५,०००, तेही ‘पॅकेजमध्ये’. डोकं एकच, फोटो तेच, आणि आकड्यात दुपटीहून जास्त फरक. मग तो माझ्यासारख्या त्वचारोगाच्या डॉक्टरकडे येऊन विचारतो, यातला खरा आकडा कोणता?

मी स्वतः ट्रान्सप्लांट करत नाही. पण करायला निघालेले आणि करून आलेले, दोघंही मी बघतो. करून आल्यावर ज्यांना पस्तावा होतो त्यांच्या बाबतीत बहुतेक वेळा एकच घडलेलं असतं. पुढचं टक्कल बघून आकडा सांगितला गेला, मागचे केस कुणी मोजलेच नाहीत. लाख-दीड लाख रुपये आणि परत न येणारे केस खर्च करण्याआधी हा हिशोब प्रत्येकाला स्वतःला कळला पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. तो अवघड नाही. आठवीचं गणित येत असेल तर पुरतं.

गोंधळ ‘ग्राफ्ट’ या शब्दापासूनच सुरू होतो, म्हणून आधी तो मिटवू. डोक्यावरचे केस सुटे सुटे उगवत नाहीत. भिंगाखाली बघितलं तर एकाच छिद्रातून कुठे एक, कुठे दोन, कुठे तीन आणि क्वचित चार केस बाहेर आलेले दिसतात. असा एक झुबका मुळासकट, भोवतीच्या किंचित कातडीसह काढला की तो झाला एक ग्राफ्ट. सरासरी धरली तर एका ग्राफ्टमध्ये दोनच्या थोडे वर केस असतात. म्हणजे ‘६,००० केस लावून देतो’ आणि ‘३,००० ग्राफ्ट लावतो’ ही जवळपास एकच गोष्ट झाली, पण ऐकताना पहिली दुप्पट वाटते. कुणी केसांचा आकडा सांगितला तर तिथल्या तिथे विचारायचं, ग्राफ्ट किती?

हे ग्राफ्ट येतात डोक्याच्या मागून आणि कानांच्या वरून. पूर्ण टक्कल पडलेल्या आजोबांच्या डोक्यालाही मागे केसांची झालर असतेच, ती हीच जागा. डीएचटी नावाचं हार्मोन माथ्यावरच्या मुळांना वर्षानुवर्षं बारीक करत नेतं आणि शेवटी केस दिसेनासा होतो. मागच्या पट्ट्यातली मुळं या हार्मोनला दाद देत नाहीत. १९३९ मध्ये जपानच्या शोजी ओकुडा यांनी केसांची मुळं एका जागेवरून काढून दुसरीकडे लावण्याचं काम प्रसिद्ध केलं होतं, पण युद्धाच्या काळात ते बाहेरच्या जगाला कळलंच नाही. पुढे १९५९ मध्ये न्यूयॉर्कच्या नॉर्मन ओरेंट्राइख यांनी दाखवून दिलं की मागचं मूळ पुढे लावलं तरी ते आपला मूळचा स्वभाव सोडत नाही, पुढच्या टकलाच्या जागेतही वाढत राहतं. आजची सगळी शस्त्रक्रिया या एका गोष्टीवर उभी आहे.

पण याच गोष्टीला दुसरी बाजू आहे. ट्रान्सप्लांटमध्ये एकही नवा केस तयार होत नाही. मागचा काढायचा आणि पुढे लावायचा, एवढंच. जिथून काढला तिथे तो पुन्हा येत नाही. म्हणजे आयुष्यभरासाठी साठा ठरलेला आहे. मराठवाड्यातल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायची गरज पडू नये. रान किती एकर आहे ते बघून कुणी ऊस लावत नाही, विहिरीत पाणी किती आहे ते आधी बघतात.

साठा मोजायचा कसा

तपासणीत हे असं करतात. डोक्याच्या मागे तीन-चार ठिकाणी केस छोट्या चौकोनात मशीनने अगदी बारीक करतात. पेशंट मान खाली घालून बसतो. ट्रायकोस्कोप, म्हणजे कॅमेरा जोडलेलं भिंग, त्या जागी टेकवलं की स्क्रीनवर कातडी मोठी होऊन दिसते. फिकट पार्श्वभूमीवर काळे ठिपके, आणि प्रत्येक ठिपक्यातून वर आलेले एक, दोन, तीन केस. एक सेंटिमीटर बाय एक सेंटिमीटर जागेत असे किती झुबके आहेत ते मोजायचं. आपल्याकडच्या माणसात हा आकडा साधारण ६० ते ८० च्या आसपास येतो. मोजतानाच आणखी एक गोष्ट बघायची असते. मागच्या केसांतही बरेच केस बारीक झालेले आहेत का? तसं असेल तर तिथलीही मुळं भरवशाची नाहीत आणि अशा माणसाने ट्रान्सप्लांटच्या वाटेला न गेलेलं बरं. नुसत्या फोटोवरून हे कधीच कळत नाही. म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला आकडा हा फार तर अंदाज. त्यावर अ‍ॅडव्हान्स भरू नये.

मग पट्ट्याची लांबी-रुंदी. एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत मागून टेप लावला तर समजा २८ सेंटिमीटर लांबी आणि साडेसहा सेंटिमीटर उंची भरवशाची मिळाली. क्षेत्रफळ १८२ चौरस सेंटिमीटर. प्रत्येक चौरस सेंटिमीटरला ६८ झुबके, म्हणजे एकूण १२,३७६. हा आकडा बघून हुरळून जायचं कारण नाही, कारण ते सगळे काढता येत नाहीत. साधारण एक तृतीयांशापर्यंत काढले तर मागची बाजू भरलेली दिसते. त्यापुढे गेलं की मागे मधेमधे विरळ चट्टे दिसायला लागतात आणि अर्ध्यापर्यंत गेलं तर ते लपत नाहीत. म्हणजे या माणसाचा खरा साठा ४,१०० च्या आसपास. बहुतेकांचा आयुष्यभराचा साठा ४,००० ते ६,००० च्या दरम्यान बसतो. काहींचा त्याहून कमी निघतो.

पट्ट्याच्या वरच्या आणि खालच्या कडेबद्दल सर्जनला मुद्दाम विचारा. भोवऱ्याचं टक्कल वयानुसार खाली पसरतं आणि मानेजवळचे केसही उतारवयात विरळ होतात. आकडा वाढवायच्या नादात या कडेवरून ग्राफ्ट काढले, तर ते पुढे लावल्यावर दहा-पंधरा वर्षांनी गळून जाऊ शकतात, कारण ते आपला मूळचा स्वभाव सोबत घेऊन आलेले असतात.

मागची बाजू जपायला आपल्याकडे आणखी एक कारण आहे आणि त्याचा विचार फारसा कुणी करत नाही. वडील गेले तर मुलाला डोकं करावं लागतं. नांदेडहून, लातूरहून तिरुपतीला जाऊन केस देणारी कितीतरी घरं आहेत. उमराह किंवा हजला जाणारे आपले मुस्लिम बांधव डोकं उतरवतात. त्या दिवशी मागचं सगळं उघडं पडतं. एफयूई पद्धतीत, म्हणजे एकेक ग्राफ्ट सुमारे ०.८ ते १ मिलिमीटरच्या पंचने काढतात त्या पद्धतीत, मागे बारीक पांढुरके ठिपके राहतात. एफयूटीमध्ये कातडीची एक पट्टीच काढून टाके घालतात, त्याची आडवी रेघ राहते. केस बोटभर असतील तर दोन्ही झाकलं जातं, पण वस्तऱ्याखाली दोन्ही दिसतं. त्यात ठिपके कमी आणि सारखे पसरलेले असले तर कुणाचं लक्ष जात नाही, ओरबाडून काढले असतील तर जातं. ज्याच्या घरी ही रीत पाळतात त्याने सर्जनला हे आधीच सांगावं.

आता पुढचं टक्कल

घरच्या घरी मोजायची एक सोपी रीत सांगतो. वहीच्या कव्हरचं पारदर्शक प्लास्टिक घ्या. आरशासमोर बसा, सोबत भाऊ किंवा मित्र असू द्या. प्लास्टिक डोक्यावर घट्ट बसवून, जिथे केस गेलेत किंवा कातडी दिसायला लागली आहे त्या जागेच्या कडेने स्केचपेन फिरवायला सांगा. कपाळापासून माथ्याच्या मध्यापर्यंतचा पुढचा भाग वेगळा, मधला वेगळा, भोवरा वेगळा. नंतर प्लास्टिक सपाट करून आलेखाच्या कागदावर ठेवा आणि एक सेंटिमीटरचे चौकोन मोजा. अर्ध्याहून जास्त भरलेला चौकोन धरायचा, कमी भरलेला सोडायचा, शाळेत करायचो तसंच. सर्जनकडे जाण्याआधी हा कागद हातात असला की बोलणं वेगळ्याच पातळीवर होतं.

बऱ्याच क्लिनिकांत भिंतीवर नॉरवूड स्केलचा तक्ता लावलेला असतो. १९५१ मध्ये जेम्स हॅमिल्टन यांनी पुरुषांच्या टकलाच्या पायऱ्या मांडल्या आणि १९७५ मध्ये ओटार नॉरवूड यांनी त्या सुधारल्या. त्यात एक ते सात असे टप्पे आहेत. ‘तुमचा ग्रेड ४, म्हणजे २,५०० ग्राफ्ट’ असं त्यावरून थेट सांगतात. टप्पा कळणं उपयोगाचं आहे, पण दोन माणसांचा ग्रेड ४ असला तरी एकाचं डोकं मोठं असतं, दुसऱ्याचं लहान. एकाच्या माथ्यावर बारीक का होईना केस शिल्लक असतात, दुसऱ्याचा माथा सफाचट. तक्त्यावरून ग्राफ्ट ठरत नाहीत, चौरस सेंटिमीटरवरून ठरतात.

आता उदाहरण घेऊ. वर ज्याचा साठा ४,१०० निघाला त्याचंच डोकं. वय ३३, समजा गेवराईला शाळेत शिक्षक. त्याच्या आलेखाच्या कागदावर पुढचा भाग भरला ६० चौरस सेंटिमीटर, मधला ४५. भोवऱ्याचं टक्कल नऊ सेंटिमीटर व्यासाचं, म्हणजे ६४ चौरस सेंटिमीटर. एकूण १६९.

निसर्गाने दिली तेवढी दाटी, म्हणजे ७० च्या घरात, परत आणायची तर ११,८३० ग्राफ्ट लागतील. ते कुणाच्याच डोक्यात नसतात. पण निसर्गाने इथे एक सवलत ठेवली आहे. निम्मे केस जाईपर्यंत टक्कल पडतंय हे बघणाऱ्याच्या सहसा लक्षात येत नाही. म्हणजे निम्म्या दाटीत, ३५ च्या आसपास, डोकं भरलेलं दिसू शकतं. म्हणून सर्जन प्रत्येक चौरस सेंटिमीटरला ३० ते ४५ ग्राफ्ट लावतात. याहून फार दाट लावायला गेलं तर भोकं इतकी जवळ येतात की कातडीचा रक्तपुरवठा कमी पडतो आणि लावलेलेच मरतात.

सगळीकडे ३५ धरून गुणाकार केला तर आपल्या गुरुजींना ५,९१५ ग्राफ्ट हवेत. साठा ४,१००. हिशोब बसत नाही. इथे प्रामाणिक सर्जन आणि नुसता धंदा करणारा यांच्यातला फरक दिसतो. धंदा करणारा म्हणेल, सगळं भरून देऊ. प्रामाणिक सर्जन विचारेल, आधी काय भरायचं?

उत्तर जवळजवळ नेहमी एकच असतं, पुढचा भाग. चेहऱ्याला चौकट तिथून मिळते. समोरचा माणूस, फोटो, आरसा, सगळे समोरूनच बघतात. पुढच्या ६० चौरस सेंटिमीटरला ३८ च्या दराने २,२८० ग्राफ्ट. मधल्या ४५ मध्ये जुने केस बऱ्यापैकी शिल्लक आहेत, तिथे २० च्या दराने भर घालायची, ९०० ग्राफ्ट. झाले ३,१८०. उरले ९२०. हे ९२० मागेच राहू द्यायचे. भोवऱ्याला आत्ता हात लावायचा नाही, तिथे औषधं चालू करायची आणि वर्ष-दीड वर्षाने काय होतं ते बघायचं.

भोवऱ्याच्या बाबतीत मी जरा ताठर आहे, आणि त्याला कारण आहे. भोवरा हा ग्राफ्ट गिळणारा भाग आहे. केस तिथे गोल फिरत बाहेर पडतात, एकमेकांवर पडत नाहीत, त्यामुळे तेवढ्याच ग्राफ्टमध्ये पुढच्यापेक्षा विरळ दिसतं. शिवाय टक्कल तिथून बाहेर पसरत जातं. आज मधे हजार-दीड हजार ग्राफ्ट लावले आणि पाच वर्षांनी भोवतीचे केस गेले, तर मधे केसांचं बेट आणि भोवती टकलाचं कडं, असं दिसतं. ते भरायला पुन्हा मागे साठा लागतो, आणि तो बऱ्याचदा संपलेला असतो.

वय आणि कपाळाची रेषा

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती बावीस-तेवीस वर्षांच्या पोरांची. पोलीस भरतीची तयारी, नोकरीचा ताण, घरात स्थळं बघायला सुरुवात, आणि त्यातच कानशिलांवरचे कोपरे मागे सरकायला लागलेले. मनाची घालमेल खरी असते, ती हसण्यावारी नेऊ नये. मुलगी बघायला गेल्यावर कुणी टोपी काढायला सांगितली म्हणून रडलेला मुलगा मी बघितला आहे.

पण या वयात टक्कल कुठपर्यंत जाणार हे ठरलेलं नसतं. अठराव्या वर्षी होती तशी खाली, सरळ कपाळरेषा आत्ता काढून घेतली, तर चाळिशीत मागचे मूळचे केस गेल्यावर ती रेषा एकटी पुढे उभी राहते. ते टक्कलापेक्षा वाईट दिसतं. म्हणून रेषा थोडी वर, कोपऱ्यांना थोडी आत घेतलेली हवी, पन्नाशीच्या चेहऱ्यालाही शोभेल अशी. दोन भुवयांच्या मधोमध ठेवलेल्या बिंदूपासून ती साधारण ७ ते १० सेंटिमीटर वर घेतात. रेषा एक सेंटिमीटर खाली आणली, तर १४ सेंटिमीटर रुंदीच्या कपाळावर १४ चौरस सेंटिमीटर वाढले, म्हणजे चार-पाचशे ग्राफ्ट गेले. क्लिनिकमध्ये पेनने रेषा काढतील तेव्हा आरशात बघून ‘अजून थोडी खाली घ्या’ म्हणण्याआधी हा आकडा आठवा. आणि रेषेच्या अगदी पुढच्या दोन-तीन ओळींत एकेका केसाचेच ग्राफ्ट हवेत. तिथे तीन-तीनचे झुबके लावले की लावलेले केस लांबूनही ओळखू येतात.

वडील, आजोबा, मामा, काका यांची डोकी बघा, जुने फोटो काढा. टक्कल आईकडूनच येतं असं म्हणतात, पण ते दोन्हीकडून येतं. घरात तिशीतच माथा साफ झालेले दोघं-तिघं असतील तर आपलाही प्रवास मोठा आहे असं धरून साठा जपायचा. आणि बोअरच्या पाण्याने टक्कल पडत नाही. जड पाण्याने केस राठ होतील, गुंततील, पण कोपऱ्यांतून आणि भोवऱ्यातून ठरावीक नकाशाने जाणारे केस अनुवंशाने आणि हार्मोनने जातात. पाण्याचा फिल्टर बसवून ते थांबणार नाहीत.

चाई पडलेल्या जागी, म्हणजे अचानक गोल चकत्यांनी केस गेलेल्या जागी, ट्रान्सप्लांट हा पहिला उपाय नाही. तो वेगळा आजार आहे. बायकांचे केस सहसा सगळीकडूनच विरळ होतात, मागचेही, त्यामुळे त्यांच्यात आधी हिमोग्लोबिन, फेरिटिन (म्हणजे शरीरातला लोहाचा साठा), थायरॉइड तपासायचं आणि ट्रान्सप्लांटचा विचार फार निवडक बाबतीत करायचा.

तेवढ्याच ग्राफ्टमध्ये एकाचं भरतं, दुसऱ्याचं का नाही

याचं उत्तर केसाच्या जाडीत आहे. केस किती जागा झाकतो हे त्याच्या जाडीच्या वर्गावर अवलंबून असतं. एकाचा केस ६० मायक्रॉन जाड, दुसऱ्याचा ८० (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). फरक दिसायला थोडा, पण वर्ग काढला तर ३,६०० आणि ६,४००. म्हणजे दुसऱ्याचा प्रत्येक केस पावणेदोन पट भरीव. याला २,००० ग्राफ्टमध्ये जे दिसेल त्यासाठी पहिल्याला साडेतीन हजार लागतील. कुरळा केस सरळ केसापेक्षा जास्त झाकतो. आणि आपल्या सावळ्या कातडीवर काळ्या केसांचा विरोध गोऱ्या कातडीपेक्षा कमी उठतो, म्हणून तेवढ्याच केसांत आपलं डोकं जास्त भरलेलं दिसतं, ही जमेची बाजू. मित्राला २,५०० मध्ये झालं म्हणून मलाही तेवढेच पुरतील, हा हिशोब म्हणूनच चुकतो.

मागे साठा कमी असेल तर काही जणांना दाढीचे ग्राफ्ट मधल्या भागात मिसळून लावता येतात. ते जाड आणि राठ असतात, कपाळरेषेवर चालत नाहीत.

आकडा कमी करायचा सगळ्यात स्वस्त मार्ग मात्र औषधांचा आहे. मिनॉक्सिडिल डोक्याला लावायचं, फिनास्टेराइडची गोळी घ्यायची. टकलासाठीच्या फिनास्टेराइडला अमेरिकेत १९९७ मध्ये मान्यता मिळाली. म्हणजे ही औषधं काही नवी नाहीत. अजून जिवंत असलेली बारीक मुळं यांनी सावरली तर तेवढी जागा ग्राफ्टच्या हिशोबातून वजा होते, विशेषतः भोवऱ्यात. फिनास्टेराइडने थोड्या पुरुषांमध्ये कामेच्छा कमी होणं, ताठरता कमी होणं, मन उदास होणं असे त्रास होतात. ते लपवायचे नाहीत, डॉक्टरशी बोलूनच गोळी घ्यायची. लग्नानंतर घरात बायको गरोदर असेल तर तिने ही फुटलेली किंवा तुकडे केलेली गोळी हाताळू नये. औषध बंद केलं की टिकवलेले केस पुन्हा जातात, आणि ट्रान्सप्लांटनंतरही मूळच्या केसांसाठी ते चालूच ठेवावं लागतं. हे न सांगता नुसते ग्राफ्ट विकणाऱ्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नये.

एका दिवसात किती

साधारण २,००० ते ३,००० ग्राफ्ट एका बैठकीत करणं ठीक. त्यालाच सहा ते आठ तास जातात. ग्राफ्ट शरीराबाहेर जितका वेळ राहतात तितके त्यातले मरत जातात. शिवाय भूल. डोकं बधिर करायला लिग्नोकेन टोचतात आणि त्याला वजनानुसार मर्यादा आहे. अ‍ॅड्रिनलिनसोबत दिलं तर किलोमागे ७ मिलिग्रॅम, म्हणजे ७० किलोच्या माणसाला ४९० मिलिग्रॅमपर्यंत. दोन टक्क्यांच्या औषधाच्या एका मिलिलिटरमध्ये २० मिलिग्रॅम असतं, म्हणजे २४ मिलिलिटरच्या पुढे जायचं नाही. बैठक लांबली की पुन्हा पुन्हा टोचावं लागतं आणि ही मर्यादा जवळ येते. मार्च २०१९ मध्ये मुंबईत एका व्यावसायिकाचा ट्रान्सप्लांटनंतर मृत्यू झाला. एकाच बैठकीत नऊ हजारांहून जास्त ग्राफ्ट लावल्याचं तेव्हा बातम्यांत आलं होतं. ‘एका दिवसात सगळं’ ही जाहिरात दिसली की मला तीच बातमी आठवते.

देशातल्या डॉक्टरांसाठी नियम करणाऱ्या नॅशनल मेडिकल कमिशनने २०२२ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे की ही शस्त्रक्रिया प्रशिक्षित, नोंदणीकृत डॉक्टरनेच करायची. यूट्यूब बघून किंवा दोन दिवसांच्या वर्कशॉपवर ती करता येणार नाही. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या वेबसाइटवर डॉक्टरची नोंदणी बघता येते. आणि विचारा, भोकं कोण पाडणार, ग्राफ्ट कोण काढणार? डॉक्टर फक्त रेषा काढून निघून जाणार असतील तर तिथून उठा.

बिल ग्राफ्टवर असतं, म्हणून त्यात डोळ्यांत तेल घालून बघायचं. ग्राफ्टमागे ४० रुपये धरले तर ५०० ग्राफ्टचा फरक २०,००० रुपयांचा. चार केसांचा झुबका कापून दोन-दोनचे दोन केले की डोक्यावर केस तेवढेच, बिलात ग्राफ्ट दुप्पट. म्हणून शस्त्रक्रियेनंतर किती ग्राफ्ट एका केसाचे, किती दोनचे, किती तीनचे, याची नोंद लेखी मागा. २,५०० ग्राफ्टमध्ये ५०० एकाचे, १,२०० दोनचे, ६५० तीनचे आणि १५० चारचे असतील तर केस झाले ५,४५०, म्हणजे ग्राफ्टमागे सरासरी २.१८. ही सरासरी दीडच्या आसपास आली तर कारण विचारा. त्याच कागदावर मागे किती ग्राफ्ट शिल्लक राहिले हेही लिहून घ्या. पुढे कधी दुसऱ्या सर्जनकडे जायची वेळ आली तर हाच कागद सगळ्यात जास्त उपयोगी पडतो.

स्वतंत्र मत हवं असेल तर लांब जायला नको. संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाई, नांदेड आणि लातूर इथल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत त्वचारोग विभाग आहेत. तिथला डॉक्टर तुम्हाला ग्राफ्ट विकणार नसतो, टक्कल कुठल्या प्रकारचं आहे आणि आधी औषधं करून बघावीत का, एवढं तो सरळ सांगेल.

तारखेचाही हिशोब करा. लावलेले केस पहिल्या महिन्या-दीड महिन्यात गळतात. घाबरायचं नाही, मुळं आत राहतात. तीन-चार महिन्यांनी कोंब दिसायला लागतात, सहाव्या महिन्यात निम्मं काम दिसतं, पुढचा भाग भरायला नऊ ते बारा महिने आणि भोवऱ्याला दीड वर्षापर्यंत लागू शकतं. तुळशीचं लग्न झाल्यावर आपलं लग्न लावायचं आणि दिवाळीच्या आधी ट्रान्सप्लांट करायचं ठरवलं, तर हळदीच्या फोटोत डोकं आधीपेक्षाही विरळ दिसेल. वैशाखातलं लग्न असेल तर आदल्या वर्षीचा मृगाच्या आसपासचा काळ बरा. पण घरी शेती असेल तर पेरणी सांभाळा, कारण पहिले दहा दिवस ऊन, घाम, धूळ, हेल्मेट आणि घट्ट फेटा, सगळं टाळायचं आहे. एप्रिल-मेच्या त्रेचाळीस अंशांत रोज मोटारसायकलवर फिरावं लागणाऱ्याने ते दोन महिने सोडूनच तारीख घ्यावी.